घराखालून महापालिकेची ड्रेनेज लाईन जात असेल तर ते घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागेत एक जुनं बैठं घर आवडलंय, पण त्याच्या स्वयंपाकघराखालून महापालिकेची ड्रेनेज लाईन जाते असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. घरमालक मात्र "काही होत नाही, चार लाख कमी करतो" म्हणतायत. मी २०१४ साली सांगलीतच अगदी असंच घर घेतलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाईन घराच्या कडेच्या मोकळ्या बोळातून जात असेल आणि चेंबर, म्हणजे लाईन तपासायचा-साफ करायचा झाकणाचा खड्डा, उघड्यावर असेल तर खुशाल घ्या. खोलीखालून, त्यातही भिंतीच्या पायाखालून जात असेल तर चार काय, दहा लाख कमी केले तरी घेऊ नका.

आमच्या घराच्या मंजूर नकाशात मागची जागा मोकळी होती. आधीच्या मालकांनी ती झाकून स्वयंपाकघर वाढवलं आणि चेंबर फरशीखाली गाडून टाकलं. आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात ओट्यासमोरची फरशी खचली. गवंड्यानं ती उचलली तर खाली कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी! आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि या दरवर्षीच्या ओढाताणीत जुन्या चिनीमातीच्या पाईपचे सांधे सुटतात. सांधा सुटला की आजूबाजूची माती थोडी थोडी पाईपात वाहून जाते. वर फरशी दिसायला जागच्या जागी, खाली मात्र काही उरलेलं नसतं. घुशींनाही तीच वाट सापडते. भिंतीकडेला ताज्या मातीचे ढीग दिसले तर ते रंगकाम करून झाकण्याआधी तुम्ही बघितलेले बरे.

लाईन नेमकी कुठून जाते हे कुणाच्या सांगण्यावर सोडू नका. दोन चेंबरच्या मध्ये लाईन सरळच टाकलेली असते. जिथे वळण, तिथे चेंबर. सरळ रस्त्यावर साधारण ३० मीटरला एक धरा. घरापुढचं आणि मागच्या गल्लीतलं चेंबर शोधा, दोन्हींच्या मधली रेघ छतावरून नजरेनं किंवा दोरीनं आखा, म्हणजे ती कुठल्या खोलीतून जाते ते कळेल. मधलं चेंबर सापडलंच नाही तर ते फरशीखाली असण्याची शक्यता धरून चाला, आणि त्या पट्ट्यातल्या फरश्या रुपयाच्या नाण्यानं वाजवून बघा. पोकळ आवाज लगेच ओळखू येतो.

काही वेळा ती लाईन महापालिकेची नसतेच, त्याच घराची असते. सकाळी साडेसात-आठला जा, घरातले सगळे नळ बंद करायला सांगा आणि चेंबर उघडा. तरी पाणी वाहत असेल तर ते दुसऱ्यांचं. वरच्या बाजूच्या शेजाऱ्यांना संडासात नीळ टाकून पाणी ओतायला सांगितलं तर शंकाच उरत नाही. फक्त स्वतः किंवा एखाद्या माणसाला आत उतरवू नका. त्यातल्या वायूनं क्षणात माणूस जातो, आणि संरक्षक साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय पालिकेच्या गटारावर बांधकाम करता येत नाही, केलं असेल तर ते काढायला लावता येतं. वाढीव स्वयंपाकघर आधीच्या मालकाचं, पण नोटीस येईल ती तुमच्या दारात. म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन एकेक भिंत ताडून बघा. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचे कागदही मागा. लाईनचा नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेवढे दिवस थांबणाऱ्या मालकाशीच व्यवहार करा. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की साध्या तपासणीत न दिसणारा, पण आपल्याला माहीत असलेला मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. "जागेखालून सार्वजनिक लाईन जाते, तिच्यावर विनापरवाना बांधकाम नाही" हे वाक्य साठेखतातच, म्हणजे खरेदीआधीच्या करारातच घालून घ्या. सहीला मालक कचरले तर तिथंच उठा.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोका पातळी ४५ ची. आमच्या गल्लीत कृष्णा आलीच नाही, पण मोरीच्या जाळीतून घाण पाणी उलटं वर आलं, चार दिवस. सासूबाई तेव्हा आजारी होत्या, ते दिवस मला अजून आठवतात. नंतर आमच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवला. तो बंद असताना आपलंही सांडपाणी बाहेर जात नाही, तेवढे दिवस पाणी जपून वापरायचं.

शेवटी २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही ते स्वयंपाकघर पाडलं, ओटा आत घेतला आणि चेंबर पुन्हा उघड्यावर आणलं. दोन लाख ऐंशी हजार गेले, खोलीही एक कमी झाली. तुमच्या मालकांचे चार लाख त्या हिशेबात बघा. त्यात पाडकाम, नवा ओटा आणि गेलेल्या खोलीची किंमत बसत नाही.