पॅन आणि आधार: नाव जुळेना, तारीख जुळेना

या महिन्यात बरीच पत्रं पॅन-आधार जोडणीवरच आली आहेत, त्यातले तीन प्रश्न घेतोय कारण बाकीच्यांचंही दुखणं बहुतेक हेच आहे.

प्रश्न: आईचं वय 74, बाबांच्या मागे बँकेतल्या एफडीच्या व्याजावर तिचं चालतं. व्याजावर टॅक्स कापू नका असं सांगणारा 15एच फॉर्म भरून दिला तरी बँकेने 20 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतात तो टॅक्स) कापला, म्हणे पॅन बंद आहे. लिंक करायला गेलो तर नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळत नाही असं येतं. आता उशिराचा हजार रुपये दंड भरायचा आणि परत चकरा मारायच्या का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: दादा, आधी बँकेचं सांगतो. 1 जुलै 2023 पासून आधारशी न जोडलेलं पॅन 'इनऑपरेटिव्ह' धरतात, म्हणजे नंबर रद्द होत नाही पण टीडीएसच्या हिशेबात पॅन दिलंच नाही असं समजतात, मग 10 च्या जागी 20 टक्के कापतात आणि 15एच चालत नाही. रिफंडही अडकतो, आणि जेवढे दिवस पॅन बंद तेवढ्या दिवसांचं रिफंडवरचं व्याज मिळत नाही. वयाची सूट आहे पण ती 80 पासून, त्यामुळे आईला लागू नाही.

आता नावाचं. पॅनवर आईचं नाव कसं आहे आणि आधारवर कसं ते दोन्ही कार्डं शेजारी ठेवून एकेक अक्षर बघा. आपल्याकडे हमखास काय होतं तर एका कार्डावर सुमन आणि दुसऱ्यावर सुमनबाई, एकावर माहेरचं आडनाव, एकावर मधलं नाव वडिलांचं आणि दुसऱ्यावर नवऱ्याचं. तारखेचं तर विचारूच नका, त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा शाळेच्या दाखल्यावरचा वाढदिवस 1 जून, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तोच लिहिला, आणि आधार काढताना दाखला हातात नसला की फक्त वर्ष सांगितलं, तर तिथे 1 जानेवारी पडली. माणूस एकच आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं पण कॉम्प्युटरला नाही.

नावात किरकोळ फरक असेल आणि जन्मतारीख, लिंग जुळत असेल तर आधारच्या ओटीपीवर काम होतं. तुमच्याकडे तारीखही वेगळी आहे म्हणजे एक कार्ड दुरुस्त करावंच लागेल. माझं मत, आधारवरचं नाव-तारीख बरोबर असेल तर पॅन दुरुस्त करा, पॅनचं काम बघणाऱ्या प्रोटीन किंवा यूटीआय या कंपन्यांकडे ऑनलाइन अर्ज होतो, फी शंभरच्या आसपास आणि आईला कुठे न्यावं लागत नाही. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते, ती संधी घाईत घालवू नका. दुरुस्ती झाल्यावरच इन्कम टॅक्सच्या साइटवर ई-पे टॅक्समधून 1000 रुपये भरा आणि मग लिंकची रिक्वेस्ट टाका, त्यानंतर पॅन चालू व्हायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. जास्तीचा कापलेला टीडीएस त्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरून परत मागा, बँक आता तो परत देणार नाही.

आणि हजार रुपयांबद्दल तुमचा राग मला पूर्ण पटतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की 11.48 कोटी पॅन जोडलेले नाहीत आणि उशिराच्या दंडाचे 600 कोटींहून जास्त जमा झालेत. यात टॅक्स चुकवणारे किती आणि तुमच्या आईसारखे कागदाच्या घोळात अडकलेले किती, हे वेगळं मोजायला हवं होतं. ऑपरेटरने टाइप केलेल्या चुकीचा दंड म्हाताऱ्या बाईने का भरायचा? निदान नाव-तारखेच्या घोळामुळे अडकलेल्यांना तरी तो माफ करायला पाहिजे.

प्रश्न: आधार जोडलं म्हणजे माझे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन इन्कम टॅक्सवाल्यांकडे जातं का? सुप्रीम कोर्टाने आधारची सक्ती काढली होती ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही, ठसे जात नाहीत. पॅन जोडताना पोर्टलवर तुम्ही पॅन नंबर, आधार नंबर, आधारवरचं नाव देता, मोबाइलवर ओटीपी येतो आणि ठसा कुठेच द्यावा लागत नाही. आधार कायद्यात दहा बोटं आणि बुबुळं हा डेटा कोणालाही द्यायला मनाई आहे.

कोर्टाचं म्हणाल तर 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात बँक खातं आणि मोबाइलची सक्ती गेली पण पॅनची राहिली, एकाच माणसाची अनेक पॅन कार्डं रोखायला जोडणी हवी हा सरकारचा मुद्दा बहुमताने मानला. पाचातले न्या. धनंजय चंद्रचूड वेगळे राहिले, त्यांनी अख्खा आधार कायदाच घटनाबाह्य ठरवला होता.

तुमची काळजी मात्र चुकीची नाही, फक्त जागा वेगळी आहे. ठशाने पैसे काढायची जी सोय आहे ना, गावात दुकानात मशीनवर बोट ठेवलं की खात्यातून पैसे, तिथे फसवणूक होते, जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून नकली ठसे बनवल्याचे प्रकार पोलिसांत गेलेत. त्यामुळे आजच यूआयडीएआय म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर किंवा आधारच्या अॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून टाका, लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

प्रश्न: डिसेंबर 2024 मध्ये पुण्यात 62 लाखांचा रिसेल फ्लॅट घेतला, नियमाप्रमाणे 1 टक्का टीडीएस कापून भरला. आता नोटीस आलीये की विकणाऱ्याचं पॅन बंद होतं म्हणून 20 टक्के कापायला हवे होते. म्हणजे पावणेबारा लाख मी भरायचे? माझी काय चूक? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: घाबरू नका पण नोटीस बाजूला टाकूही नका. 62 हजारांच्या जागी 12 लाख 40 हजार, फरक 11 लाख 78 हजार, बरोबर. यावर सीबीडीटीने, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याच्या केंद्रीय मंडळाने, जुलै 2025 मध्ये सवलत दिली: 1 एप्रिल 2024 ते 31 जुलै 2025 मधल्या व्यवहारात समोरच्याचं पॅन 30 सप्टेंबर 2025 पर्यंत चालू झालं असेल तर जास्तीच्या कापणीची जबाबदारी तुमच्यावर नाही. म्हणून आधी विकणाऱ्याला फोन करा, पॅन कधी जोडलं ते विचारा, पोर्टलवरच्या स्टेटसची प्रत मागा आणि ती जोडून टीडीएस अधिकाऱ्याकडे मागणी दुरुस्तीचा अर्ज द्या. त्या तारखेपर्यंत जोडलंच नसेल तर मात्र चांगला सीए गाठा, हे एकट्याने लढायचं काम नाही.

जे आता फ्लॅट घेतायत त्यांनी टोकन द्यायच्या आधीच विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन पॅनचं स्टेटस बघायचं, एजंटच्या तोंडी शब्दावर जायचं नाही. विकणारा दुबईत किंवा अमेरिकेत असेल तर आणखी सांभाळून, एनआरआयला आधार जोडायची सक्ती नाही पण खात्याकडे त्याची नोंद अजून 'निवासी' अशीच असेल तर त्याचंही पॅन बंद दाखवतं, आणि ती नोंद त्यानेच पासपोर्टची प्रत देऊन बदलून घ्यायची असते. शिवाय एनआरआयकडून घर घेताना टीडीएस 1 टक्का नसतो, दर बराच जास्त असतो, तो सीएकडून लिहून घेतल्याशिवाय चेक देऊ नका.