गुन्हेगारी मालिकेत तपास बाईच्या हाती दिला, की लिंगभेदाचा विषय हाताळला असं होतं का?

माझ्या मते नाही. बहुतेक वेळा जुन्याच तडफदार इन्स्पेक्टरला बाईचं नाव दिलेलं असतं. वरिष्ठ दोन टोमणे मारतो, ती आरोपीला पकडून आणते, वरिष्ठ सॅल्यूट ठोकतो. झाला विषय!

बायका एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतात हे पटण्यासारखं कुठे दिसलं, हा दुसरा प्रश्न. मला ते 'अनबिलिव्हेबल'मध्ये दिसलं. २०१९ची, नेटफ्लिक्सवरची आठ भागांची ही मालिका अमेरिकेतल्या खऱ्या प्रकरणावर आहे. ती ज्या शोधवृत्तावर बेतली आहे, त्याला २०१६ साली पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला होता. (पुढे कथा फुटते. बघायची असेल तर इथेच थांबा.)

२००८, वॉशिंग्टन राज्य. मारी नावाची तरुण मुलगी बलात्काराची तक्रार करते. तिला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, मग लेखी मागतात. तपशील थोडे इकडेतिकडे झाले की संशय. ती रडत नाही, यावरूनही संशय. आणि ही शंका पोलिसांच्या कानावर घालते कोण, तर तिला काही काळ सांभाळणारी पालक-आई. म्हणजे पूर्वग्रह फक्त पुरुषांच्या खुर्चीत बसलेला नाही. शेवटी मारी 'मी खोटं बोलले' असं लिहून देते आणि उलट तिच्यावरच खटला भरला जातो.

तीन वर्षांनी कोलोरॅडोत डिटेक्टिव्ह ड्युव्हल ही बाई अँबर नावाच्या, बलात्कार झालेल्या मुलीला भेटते. अँबरही शांतच आहे, जवळजवळ कोरडी. पण ड्युव्हल त्यावरून काही ठरवत नाही. बोलायला कुठे बरं वाटेल ते विचारते, घाई करत नाही, मध्ये तोंड घालत नाही. त्यातूनच गुन्हेगाराच्या पायावरच्या जन्मखुणेसारखा नेमका तपशील हाती लागतो. एका मुलीचा शांतपणा खोटेपणाचा पुरावा ठरला, दुसरीचा ठरला नाही. लिंगभेद म्हणजे काय, हे मला या दोन जबान्या शेजारी ठेवल्यावर जितकं कळलं तितकं कुठल्याच भाषणबाजीतून कळलं नव्हतं.

भगिनीभावाचंही तसंच. ड्युव्हलला नवऱ्याकडून कळतं की त्याच्या खात्यात अशीच एक केस रासमुसेन नावाच्या डिटेक्टिव्हकडे आहे. नवराही पोलीसच. सुरुवातीला दोघींचं फारसं जुळत नाही. एक श्रद्धाळू, दुसरी फटकळ. गळ्यात गळे नाहीत. फायली मात्र एका टेबलावर येतात, आणि तेच महत्त्वाचं, कारण गुन्हेगार मुद्दाम वेगवेगळ्या हद्दींत गुन्हे करत होता. एका ठाण्याची खबर दुसऱ्याला नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मारीला तर या दोघी ओळखतही नाहीत. पकडलेल्या माणसाकडे तिचा फोटो सापडतो आणि ती खरं बोलत होती हे सिद्ध होतं.

यात सगळे पुरुष खलनायक नाहीत, हेही सांगायला हवं. तपासात मदत करणारा तरुण विश्लेषक पुरुषच आहे. आणि मारीचा डिटेक्टिव्ह पार्कर दुष्ट नाही, फक्त आपलं चुकत असेल असं त्याच्या मनातच येत नाही. मला तो दुष्ट माणसापेक्षा जास्त भीतीदायक वाटला.

पहिला भाग फार जड जातो. तो रात्री झोपायच्या आधी लावू नका, आणि तेवढ्यावर सोडूनही देऊ नका. ड्युव्हल दुसऱ्या भागात येते.