क्रेफिशचा पहिला सर्व्हे करण्याआधी

तू इंग्लंडच्या ओढ्यांत पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशवर (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा प्राणी) काम करणार, तर आधी परवान्याचं बघ. नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेच्या परवान्याशिवाय तो हातात घेणंही बेकायदा आहे.

ओळख पक्की कर. नांगीची खालची बाजू मळकट पांढरी असेल तर बहुधा आपला, म्हणजे इथला मूळचा. लाल, आणि वर सांध्यापाशी निळसर-पांढरा ठिपका असेल तर अमेरिकेचा सिग्नल क्रेफिश. हा पाहुणा १९७० च्या दशकात मत्स्यशेतीसाठी आणला. तो स्वतः धडधाकट राहून क्रेफिश प्लेग या रोगाचे बीजाणू पसरवतो, आणि प्लेग शिरला की आपल्याकडची अख्खी वस्ती साफ होते. म्हणून गमबूट, जाळी, सापळे धुऊन पूर्ण वाळव. ओल्या बुटांनी दुसऱ्या ओढ्यात पाय टाकायचा नाही म्हणजे नाही.

डीएनएसाठी चालण्याच्या एका पायाचं टोक पुरतं. ते इथेनॉलमध्ये ठेव. कात टाकताना पाय पुन्हा वाढतो. कुपीवर पेन्सिलीनेच लिही, शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

खरी गोम सुरक्षित तळी, म्हणजे सिग्नल आणि प्लेगपासून दूर असलेली तळी, वसवताना आहे. एकाच खड्ड्यातले मूठभर प्राणी नेऊन सोडले, तर पुढच्या पिढ्या जवळच्या नात्यातल्याच होणार, आणि जनुकीय वैविध्य हळूहळू गळत जाणार. एकाच नदीखोऱ्यातल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या नर-माद्या घ्याव्यात. वैविध्याच्या हव्यासापायी दूरच्या खोऱ्यातले प्राणी मिसळायची काही जणांना घाई असते. मला ती पटत नाही: स्थानिक वंशावळ एकदा पुसली की परत येत नाही, आणि सोबत रोग गेला तर दोन्ही वस्त्या हातच्या जातात.