सूर्यफूल ‘वळते’ की ‘वाढते’?

घणसोलीतील एका शिक्षिकेने विचारले आहे की, नववीच्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘वळते’ या अपेक्षित शब्दाऐवजी ‘सूर्यफूल सूर्याकडे वाढते’ असे लिहिले आहे, तर त्याचा गुण कापावा का. आणि या हालचालीला ‘प्रकाशानुवर्तन’ म्हणणे पुरेसे आहे का.

गुण कापू नये, असे माझे मत आहे. ‘वळणे’ हे आपल्याला दिसते आणि ‘वाढणे’ हे त्यामागचे कारण आहे. सूर्यफुलाच्या खोडात मान फिरवणारा सांधा नसतो. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू पश्चिमेकडच्या बाजूपेक्षा अधिक लांबते म्हणून शेंडा पश्चिमेकडे कलत जातो, आणि रात्री पश्चिमेकडची बाजू अधिक लांबल्याने तो पहाटेपर्यंत पुन्हा पूर्वेला येतो. लाजाळूचे पान मिटते त्यात वाढीचा काही संबंध नसतो. इथे मात्र वाढ थांबली की वळणेही थांबते. विद्यार्थ्याच्या वाक्यात उणीव असलीच तर ती एवढीच की, ‘सूर्याकडे वाढते’ यातून रात्रीचा परतीचा प्रवास सुटतो. ‘वाढता वाढता वळते’ असे त्याने लिहिले असते, तर मी त्याला अपेक्षित उत्तराहून सरस मानले असते.

‘प्रकाशानुवर्तन’ हा शब्द चांगला घडलेला आहे. त्यातले ‘वर्तन’ आवर्तन आणि परिवर्तन यांच्याच ‘वृत्’ धातूचे, आणि ‘अनु’ म्हणजे मागोमाग. ठाण्यातल्या एखाद्या गॅलरीत, जिथे समोरच्या इमारतीमुळे उजेड एकाच बाजूने येतो, तिथे कुंडीतले रोप ग्रिलबाहेर झुकते आणि दिवसरात्र तसेच झुकलेले राहते. त्याला हा शब्द चपखल बसतो. उघड्या शेतातल्या सूर्यफुलाला मात्र तो अपुरा पडतो, कारण अंधारात पूर्वेकडे परतणारे रोप कोणत्या प्रकाशाचे अनुवर्तन करते? कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही रोपे डोक्यावर स्थिर असलेल्या दिव्याखाली ठेवली, तरी ती काही दिवस पूर्व-पश्चिम डोलत राहिली. सरकत्या दिव्यांचे चक्र 24 तासांचे असताना त्यांनी दिव्यांचा माग घेतला, पण ते 30 तासांचे केल्यावर त्यांचा ताळमेळ बिघडला. म्हणजे प्रकाशाबरोबरच रोपातले दैनंदिन जैविक घड्याळही येथे काम करते. म्हणून या रोजच्या जाण्यायेण्यासाठी ‘सूर्यानुवर्तन’ हा निराळा शब्द वापरावा. रात्री सूर्य नसतो ही अडचण त्यातही उरते, पण निदान दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली येत नाहीत.

खरे तर आक्षेप घ्यायचाच, तर तो ‘वाढते’ऐवजी ‘सूर्यफूल’ या कर्त्यावर घ्यायला हवा, आणि तो अपेक्षित उत्तरालाही तितकाच लागू पडतो. सूर्यामागे फिरते ते कोवळे रोप आणि त्याची कळी. शेकडो लहान फुलांचा तो पिवळा फुलोरा पूर्ण उमलेपर्यंत खोडाची वाढ मंदावून थांबलेली असते, आणि मग तो दिवसभर पूर्वेकडेच तोंड करून राहतो. सकाळच्या उन्हात तो लवकर तापतो, आणि कुंडी फिरवून पश्चिमेकडे तोंड केलेल्या फुलोऱ्यांपेक्षा त्याच्याकडे सुमारे पाचपट परागवाहक कीटक येतात, असे त्याच प्रयोगांत आढळले. उमललेल्या फुलोऱ्याला त्यामुळे ‘सूर्यमुखी’ म्हणण्यापेक्षा, आपल्याकडच्या सदनिकांच्या जाहिरातींतला ‘पूर्वाभिमुख’ हा शब्द अधिक शोभेल.