फ्लॅश मेमरीच्या जुन्या कमांड-लाइन साधनांची साफसफाई कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांतील फ्लॅश मेमरी पुसण्यासाठी, तिच्यावर लिहिण्यासाठी आणि तिची प्रत काढण्यासाठी लागणाऱ्या वीसेक कमांड-लाइन प्रोग्रॅमचा जुना संच तुमच्याकडे देखभालीसाठी आला आहे. त्यातले काही प्रोग्रॅम एकच काम करतात असे दिसते आणि बऱ्याच पर्यायांचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही. मग हे सारे बाजूला ठेवून नव्याने लिहावे, की आहे तेच सावरावे? मी अशा साधनांची देखभाल बरीच वर्षे करत आलो आहे आणि माझे मत ठाम आहे. नव्याने लिहू नका. त्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळींपैकी बऱ्याच ओळी कोणत्या ना कोणत्या चिपमुळे आलेल्या असतात, आणि ती चिप आजही कुठल्यातरी यंत्रात काम करत असते.

नँड फ्लॅश, म्हणजे फ्लॅश मेमरीचा सर्रास वापरला जाणारा प्रकार, ही हार्ड डिस्कसारखी वागत नाही, हे आधी नीट समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. पुसलेल्या फ्लॅशमधील सगळे बिट १ असतात आणि लिहिणे म्हणजे त्यांतले काही ० करणे. एकदा ० झालेला बिट एकट्याने परत १ होत नाही, त्यासाठी संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. नेहमी आढळणाऱ्या रचनेत एक पान २०४८ बाइटांचे असते, त्याला जोडून ६४ बाइटांचा राखीव भाग असतो, आणि अशा ६४ पानांचा मिळून १२८ केबीचा ब्लॉक होतो. काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येतात आणि त्यांची खूण बहुधा त्या राखीव भागात केलेली असते. साध्या फाइलवर लिहावे तसे फ्लॅशवर लिहिणारा प्रोग्रॅम पहिला खराब ब्लॉक लागेपर्यंत अगदी व्यवस्थित चालतो, आणि नव्याने लिहिलेली साधने नेमकी इथेच अडखळतात, कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या चिपमध्ये योग्य जागी खराब ब्लॉक नसतोच.

आता एकच काम करणाऱ्या प्रोग्रॅमांविषयी. दिसायला सारखे आणि खरोखर सारखे यांत फरक करायला थोडा वेळ द्या, कारण मला या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. एमटीडी-युटिल्स या लिनक्सवरील फ्लॅश साधनांच्या परिचित संचातील दोन उदाहरणे पाहा. फ्लॅश_इरेजऑल आणि फ्लॅश_इरेज हे दोन प्रोग्रॅम खरोखरच एकाच कामाचे होते, म्हणून पहिल्याच्या जागी एक लहानशी शेल स्क्रिप्ट ठेवली गेली. ती स्क्रिप्ट ‘आता फ्लॅश_इरेजला दोन शून्ये देऊन वापरा’ असे सांगते आणि काम दुसऱ्याकडे सोपवते. यामुळे जुन्या स्क्रिप्ट चालत राहिल्या आणि दुहेरी कोड गेला. याउलट फ्लॅश_इरेज आणि यूबीआयफॉरमॅट हे दोघेही ब्लॉक पुसतात, पण त्यांना एकत्र करणे चूक ठरेल. यूबीआय हा फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा थर प्रत्येक ब्लॉक किती वेळा पुसला गेला याची नोंद त्या ब्लॉकच्या सुरुवातीच्या शीर्षभागात ठेवतो आणि त्या नोंदीवरून पुसण्याने होणारी झीज सर्व ब्लॉकांवर सारखी वाटतो. यूबीआयफॉरमॅट पुसण्यापूर्वी ही नोंद वाचून घेतो आणि पुसल्यावर परत लिहितो, तर फ्लॅश_इरेज ती ब्लॉकबरोबरच घालवतो. कोड वाचताना ‘इथे ब्लॉक पुसला जातो’ एवढेच पाहून एखाद्याने दोन्ही रस्ते एक केले, तर कोणतीही चाचणी नापास होणार नाही आणि नुकसान मात्र काही वर्षांनी झिजलेल्या चिपांच्या रूपाने समोर येईल.

यानंतरचे काम म्हणजे तुमची साधने कोण कोण हाक मारून वापरते याची यादी करणे. माणसे टर्मिनलवर टंकतात ते फार थोडे असते. बहुतेक वापर कारखान्यात चिप भरणाऱ्या स्क्रिप्ट, यंत्र अद्ययावत करणाऱ्या स्क्रिप्ट आणि दुरुस्ती विभागाची घरगुती साधने यांच्याकडून होतो. या स्क्रिप्टना तुमच्या कोडची सुबकता दिसत नाही, त्यांना दिसतो तो प्रोग्रॅमने संपताना परत दिलेला आकडा, छापलेल्या ओळींचा साचा आणि पर्याय न दिल्यास होणारी कृती. म्हणून या तीन गोष्टी लेखी करार मानाव्यात असे मी सुचवेन. मूळ वागणूक बदलणे कधीकधी आवश्यक असते, पण ती कशी बदलावी याचा चांगला नमुना नँडडंप या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. प्रत काढताना खराब ब्लॉक आला तर त्या जागी एफएफ (सगळे बिट १) हे बाइट भरायचे, त्यात असेल ते तसेच उतरवायचे, की तो ब्लॉक पूर्ण वगळायचा, असे तीन मार्ग त्यात आहेत. वगळला तर पुढचा सगळा मजकूर फाइलमध्ये एका ब्लॉकाने अलीकडे सरकतो, त्यामुळे हा फरक लहान नाही. पर्याय न दिल्यास वगळण्याची पद्धत वापरायची असे ठरले, तेव्हा आधीच्या आवृत्तीने पर्याय न देणाऱ्याला ‘पुढे हे बदलणार आहे’ असा इशारा छापून दाखवला आणि मगच बदल केला.

पॅच, म्हणजे कोडमधील बदलांचा एका वेळचा गठ्ठा, लहान ठेवा हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच, पण तो मला कसा पटला हे सांगणे इथे उपयोगाचे होईल. आमच्या एका पुसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ब्लॉकचा क्रमांक आणि ब्लॉकचा आकार यांचा गुणाकार करून पुसण्याची जागा काढली जात असे. सगळे चल ३२ बिटांचे होते. मोठ्या चिपा येणार होत्या, म्हणून मी साफसफाईच्या एका मोठ्या पॅचमध्ये इतर चाळीसेक बदलांबरोबर जागेचा चल ६४ बिटांचा केला. गुणाकार मात्र ३२ बिटांतच होत राहिला, कारण सी भाषेत गुणाकाराची रुंदी गुणल्या जाणाऱ्या संख्यांवरून ठरते, उत्तर कोणत्या चलात ठेवणार यावरून ठरत नाही. चिप ८ जीबीची होती, ब्लॉक ५१२ केबीचे होते. शून्यापासून मोजल्यास ८१९२ क्रमांकाचा ब्लॉक बरोबर ४ जीबीवर सुरू होतो, आणि बिनचिन्ह ३२ बिटांत ४ जीबी हा आकडा मावत नाही, उरते ते शून्य. चाचणीत त्या ब्लॉकपासून पुसायला सांगितल्यावर प्रोग्रॅमने चिपचा पहिला ब्लॉक पुसला, जिथे यंत्र सुरू करणारा बूटलोडर हा प्रोग्रॅम होता. ‘पुसले’ असा संदेश आला, परत दिलेला आकडाही यशाचा होता, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सीरियल कन्सोलवर एक अक्षरही उमटले नाही. कंपायलरने नेहमीच्या इशाऱ्यांत काही सांगितले नव्हते. दुरुस्ती एका शब्दाची होती, गुणण्यापूर्वी एका संख्येला ६४ बिटांचे रूप देणे, परंतु त्या चाळीस बदलांतून ती ओळ शोधण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून मोकळ्या जागा, नावे आणि फाइलींची मांडणी बदलणारा पॅच वेगळा आणि वागणूक बदलणारा पॅच वेगळा, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

याच संदर्भात कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, पुसण्याची विनंती कशी जाते तेही तपासा. जुन्या विनंतीतील जागा आणि लांबी दोन्ही ३२ बिटांच्या आहेत, नंतर आलेल्या विनंतीत त्या ६४ बिटांच्या आहेत. आधी नवी वापरावी, कर्नलला ती माहीत नसेल तरच जुनीकडे वळावे, आणि त्या वेळी जागा ३२ बिटांत मावत नसेल तर स्पष्ट चूक दाखवून थांबावे. कापून टाकलेल्या आकड्याने काम पुढे नेऊ नये.

पानाचा कमाल आकार ४०९६ आणि राखीव भागाचा १२८ असे आकडे कोडमध्ये कोरलेले सापडतील, ते काढून टाका. कर्नल २.६.३० पासून ही माहिती सिस्-एफएस मधून, म्हणजे कर्नल आपली माहिती ज्या फाइलींच्या रूपात दाखवतो तिथून, मिळते. ती वाचण्याचे काम प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतंत्रपणे करण्याऐवजी एका सामाईक लायब्ररीने करावे, आणि चुकांचे संदेशही तिथूनच यावेत. नुसते ‘इनपुट/आउटपुट चूक’ असे वाचून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणते उपकरण, कोणता ब्लॉक, कोणती जागा आणि कोणती क्रिया चालू होती, हे एका ओळीत यायला हवे.

चाचणीसाठी खऱ्या चिपा झिजवण्याची गरज नाही. कर्नलमधील नँडसिम हे मोड्यूल रॅममध्ये नँड चिपचे सोंग उभे करते, ओळखीचे बाइट देऊन तुम्ही चिपचा आकार आणि पानाचा आकार ठरवू शकता, हवे ते ब्लॉक खराब आहेत असे सांगू शकता आणि वाचताना बिट उलटतील अशी व्यवस्थाही करू शकता. निदान तीन चाचण्या लिहाच: पहिलाच ब्लॉक खराब, सलग दोन ब्लॉक खराब, आणि शेवटचा ब्लॉक खराब. लिहिता लिहिता खराब ब्लॉक वगळणाऱ्या कोडमध्ये शेवटच्या ब्लॉकनंतर जागा संपली हे न कळणारी चूक मला एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसली आहे. नॉर या फ्लॅशच्या दुसऱ्या प्रकारासाठी एमटीडीरॅम हे तसेच मोड्यूल आहे. मात्र ४ जीबीच्या पलीकडचे वागणे आणि मध्येच वीज जाणे या दोन गोष्टी शेवटी खऱ्या चिपवर पाहाव्यात.

क्रम विचारलात तर मी असा ठेवेन. आधी सगळ्या प्रोग्रॅमांची आजची वागणूक नँडसिमवर नोंदवून घ्या, चुकीची वाटली तरी तशीच. मग केवळ वाचणाऱ्या प्रोग्रॅमांपासून साफसफाई सुरू करा, कारण तिथली चूक फार तर चुकीची फाइल देईल. त्यानंतर लिहिणारे घ्या आणि पुसणारे सर्वांत शेवटी. जे उपकरणच आता कोणाकडे नाही असे वाटते, त्याचे साधन लगेच काढू नका. एका आवृत्तीत ते चालवल्यावर इशारा छापला जाईल असे करा आणि पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबा. डिस्क-ऑन-चिप या जुन्या फ्लॅश उपकरणाची साधने मी असाच इशारा देऊन काढायला घेतली होती, तेव्हा दोघांनी कळवले की त्यांची यंत्रे अजून चालू आहेत. ती साधने मी ठेवली, फक्त मुख्य संचातून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली, म्हणजे रोजच्या बांधणीत ती येत नाहीत आणि ज्याला हवी त्याला बांधता येतात.