आधी येण्यांची ओळ बघ

प्रिय मित्रा,

तुझी एक्सेलची फाइल काल रात्री दोनदा पाहिली. डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मोल काढायचा दर, १२ टक्के धरावा की १५, यापायी तुझी झोप उडाली आहे आणि कमाईच्या नऊ पटीत मिळणारा हा शेअर बाजार का उचलत नाही, हे तुला उमगत नाही. दीर्घकालीन वाढ तू ५ टक्के धरली आहेस. तेव्हा दर १२ वरून १५ वर नेला की दर आणि वाढ यांतला फरक ७ चा १० होतो आणि पुढच्या रोखीचे मोल सुमारे चौदा पटींवरून दहा पटींवर येते. गणित बिनचूक आहे. पण तुझ्याच फाइलमध्ये तीन वर्षांत विक्री दीडपट आणि येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे पैसे, तिप्पट झालेली दिसतात, नफा वाढत असताना व्यवसायातून आलेली रोख उणे आहे, आणि त्या ओळीवर तू साधी खूणही केलेली नाहीस. आधी ती ओळ बघायची असते.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण तुला पाठ असेल, पण आकडे पुन्हा वाच. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केले की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ६४९ कोटी दाखवलेला कार्यकारी नफा प्रत्यक्षात ६१ कोटी होता. कोणता डिस्काउंट रेट हा खड्डा भरून काढणार होता? तिथे तर ३७६ कोटींचे मुळात नसलेले व्याजही येणे म्हणून दाखवले होते, म्हणून रोखीचा आकडाही तसाच गिळू नकोस. व्याज खरोखर हाती आले का, ते ताडून पाहा.

मी हे शहाणपणाने शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका कंपनीच्या गोदामात मी धुळीने माखलेली, आदल्या वर्षाच्या तारखेची खोकी पाहिली होती, आणि अहवालात मात्र माल हातोहात खपत होता. व्यवस्थापकांनी चहा मागवला. मी तो प्यायलो आणि विचारले काहीच नाही. माझ्या शिफारशीवर मेहुण्यांनी निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्यात घातला. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

तेव्हापासून येणी आणि रोख यांचा मेळ बसत नसेल तर मी कंपनी सोडतो. अशा सोडलेल्यांपैकी दोन पुढे अनेक पटींनी वाढल्या आणि सहकाऱ्यांनी माझी भरपूर थट्टा केली. ती चूकच होती, असे म्हणायला मी अजून तयार नाही. कदाचित हा माझा हट्ट असेल, कदाचित मेहुण्यांपुढची सफाई. तरीही सांगतो, ज्या आकड्यावर विश्वास नाही त्याच्या नऊ पटींना स्वस्त म्हणू नकोस, आणि दरात तीन टक्के वाढवून त्या अविश्वासाची भरपाई झाली असेही समजू नकोस.

रविवारी ये. फाइल घरीच ठेव. तीन वर्षांचे छापील अहवाल आण आणि हिशेबांवरच्या टिपांमध्ये सहा महिन्यांहून जुनी येणी किती, ते पेन्सिलीने खूण करून आण.

तुझा,
काका