दोरीतला ताण ४९ न्यूटन का नाही?

प्रश्न: बाई, मी बार्शीला अकरावी सायन्सला आहे. छताच्या हुकाला कप्पी, तिच्यावरून दोरी, दोरीच्या एका टोकाला २ किलो आणि दुसऱ्या टोकाला ३ किलो वस्तुमान, असं गणित आहे. दोरीतला ताण काढायचा आहे. दोन्ही वजनं दोरीलाच लटकलेली, म्हणून मी ५ गुणिले ९.८, म्हणजे ४९ न्यूटन लिहिलं. पुस्तकात उत्तर २३.५२ आहे. सूत्रात आकडे घातले की तेच येतं, पण मला पटत नाही. बाकीचा जोर गेला कुठे?

उत्तर: पटत नाही असं लिहिलंस, त्याचा मला फार आनंद झाला. उत्तर जुळलं की बरीच मुलं पान उलटतात.

सूत्र बाजूला ठेव. कागदावर फक्त ३ किलोचा ठोकळा काढ. कप्पी, छत, दुसरं वजन काहीही काढू नकोस. आता विचार, याला कोण कोण ओढतंय? पृथ्वी २९.४ न्यूटननं खाली ओढते आणि दोरी वर ओढते. तिसरं कुणी नाही. पलीकडचा २ किलोचा ठोकळा याला शिवतसुद्धा नाही, त्याचा जो काही परिणाम होतो तो दोरीतूनच होतो.

हा ठोकळा खाली निघालाय, म्हणजे दोरीचा ताण २९.४ पेक्षा कमीच असला पाहिजे. हलका ठोकळा वर चाललाय, म्हणजे तोच ताण १९.६ पेक्षा जास्त हवा. एकही समीकरण न मांडता तुला कळलं की उत्तर या दोन आकड्यांच्या मधे आहे आणि ४९ बाद झाला! परीक्षेत वेळ कितीही कमी असो, ही दोन वाक्यं मनात म्हटल्याशिवाय पेन उचलू नकोस.

आता समीकरणं. जड ठोकळ्यासाठी २९.४ − ताण = ३ × त्वरण. हलक्यासाठी ताण − १९.६ = २ × त्वरण. बेरीज केली की ताण निघून जातो, ९.८ = ५ × त्वरण उरतं. त्वरण १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग, ताण २३.५२ न्यूटन. दोन्ही बाजूंना ताण एकच धरला, कारण दोरी आणि कप्पी बिनवजनाची आणि घर्षण शून्य, असं गणितात मानलेलं असतं. विहिरीवरच्या रहाटाला हे लागू नाही. तिथे चाक फिरवायलाही जोर खर्च होतो, त्यामुळे दोन बाजूंचे ताण वेगळे असतात.

तुझा ४९ हा आकडा खरं तर हुकाबद्दलचा आहे. कप्पीला दोरीची दोन्ही टोकं खाली ओढतात, म्हणून हुकावर २३.५२ ची दुप्पट, ४७.०४ न्यूटन येतात. तरी १.९६ कमी पडतातच. एक ठोकळा खाली आणि एक वर जात असला, तरी खाली जाणारं वस्तुमान जास्त आहे. दोन्ही मिळून पाहिलं तर वस्तुमानकेंद्र वाढत्या वेगानं खाली सरकतंय. हुकानं पूर्ण ४९ न्यूटन पेलले असते, तर ते तसं सरकलंच नसतं. तू विचारलेल्या जोराचा हिशोब इथे पुरा होतो.

ही रचना केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवूड यांची. १७८४ च्या त्यांच्या ग्रंथात तिचं वर्णन आहे. मोकळी सोडलेली वस्तू १ मीटर पडायला अर्धा सेकंदही घेत नाही, त्या काळच्या लंबकाच्या घड्याळानं ते मोजायचं कसं? दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी वस्तुमानं टांगली की पडणं मंदावतं. १.०२ आणि ०.९८ किलो घेऊन बघ, त्वरण गुरुत्वाच्या पन्नासाव्या भागावर येतं आणि तेच १ मीटर अंतर तीन सेकंदांहून जास्त वेळ घेतं. घर्षण कमी व्हावं म्हणून कप्पीचा आस त्यांनी छोट्या चाकांच्या कडांवर टेकवला होता. मला ही युक्ती अतिशय आवडते.

प्रश्न: तानकाट्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधल्या, त्या दोन कप्प्यांवरून सोडून दोन्हीकडे ५-५ किलो टांगले. काटा १० दाखवेल की शून्य? (बारावी, चिपळूण)

उत्तर: ५ किलो दाखवेल. एका बाजूचं वजन काढून ती दोरी भिंतीतल्या खिळ्याला बांध. काटा स्थिर आहे, म्हणजे खिळाही ४९ न्यूटननंच ओढतोय, जे काम आधी दुसरं वजन करत होतं. नेहमी आपण तानकाटा छताला अडकवून ५ किलो लावतो, तेव्हा छतही त्याला वर ओढतच असतं. ती ओढ आपण मोजणीत धरत नाही, इतकंच. घरी तानकाटा असेल तर आधी खिळा वापरून आणि मग दुसरं वजन लावून, दोन्ही वेळा वाचून बघ.